लक्ष्मीच्या दाराला पाय

सिरसाळा, १२ जून २०२४

ती. बसवेश्वरमामांना संगमेशचा शरणार्थ. होळीपासून पत्र नाही, माफ करा. रोज डायरी लिहितो, म्हणून कुणाला तरी लिहिल्यासारखं वाटत राहतं. गुडघा कसा आहे? मामींनी दिलेलं तेल लावता, की नुसती बाटली उशाशी ठेवता?

तुमचे व्याही वीरभद्रअप्पा यांनी इथे बावीस गाळ्यांचं कॉम्प्लेक्स बांधलंय. सगळ्यांना काचेची दारं. शंभर हात लागलेली मूठ कुणाला धरायला नको म्हणून मी पायाने उघडायचं हँडल बनवलं: दाराच्या तळाशी लोखंडी पट्टी, तिच्यावर चप्पल ठेवून दार ओढायचं. नमुना अप्पांच्याच कापडदुकानाला बसवला. पसंत पडला तर बावीस दारांचं काम, नाही तर वर्कशॉप बंद करून सासऱ्यांच्या किराणा दुकानात बसायचं, असं सुनिताने (म्हणजे तिच्या वडिलांनी) ठरवलंय.

पहिलं गिऱ्हाईक बांगड्या विकणारी बायडाबाई. "आरं, लक्ष्मीच्या दाराला पाय कावून लावू रं?" मी समजावलं. तिने पाय लावला, दार उघडलं. मग पाय लागला म्हणून ती वाकली, पट्टीला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत जाऊन साड्या चाळू लागली. तिच्या मागचा वाकला, त्याच्याही मागचा. संध्याकाळपर्यंत मी दोनशे अकरा मोजले (एक पोरगी न वाकता गेली, मला बरं वाटलं, तिच्या आईने तिला परत आणून वाकवलं). म्हणजे आता अख्ख्या सिरसाळ्याच्या चपलांखालचं लोकांच्या कपाळावर. दुकानदाराच्या घरात वाढून हे मला सुचलं कसं नाही? बरं, तपासायला मी पाय लावला, तर मीही वाकलो.

खरी पंचाईत पुढेच आहे. अप्पा खूश झाले. "लई भारी हाय हे! विजयसिंह माझ्याविरुद्ध पॅनेल उभं करतो, त्योबी माझ्या दारात वाकला बे!" बावीसच्या बावीस दारं मंजूर. मी गप्प राहिलो. गप्प राहणं खोटं बोलण्यात धरतात का? डायरीची दोन पानं भरली, निकाल लागला नाही.

आपला,
संगमेश

ता. क. : अप्पा तुमचं ऐकतात. कोपराने ढकलायचं हँडलही मला जमेल. तेवढं फोन करून सांगाल का? माझं नाव न घेता.

ता. क. २ : वरचं वाचून लाज वाटली. शिवाय पत्र पोचेपर्यंत माझा सत्कार होऊन गेलेला असेल. अप्पांनी तो उद्या दहाला ठेवलाय.

उद्याचं काम: अप्पांनी शाल उलगडायच्या आत त्यांना खरं सांगणे.