इस्त्रीची टपरी सविताला देण्याबाबत

मी, विशाल तुकाराम परीट, वय ३१, शिक्षण नववी, धंदा इस्त्री, राहणार सप्तापूर, धारवाड. माझे डोके ठिकाणावर आहे, मी नशेत नाही, कोणी धाक घातलेला नाही, अक्षर माझेच आहे. येत्या गुरुवारी माझ्या डाव्या पायाच्या शिरांचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले लहान आहे. त्यांनी ते तीन वेळा सांगितले, म्हणून लिहून ठेवतो. मृत्युपत्रात खाडाखोड केली तर वाद होतात, असे आमचे जुने गिऱ्हाईक गुरुराज सर म्हणाले. म्हणून काही बदलले तर खाली नवीन कलम लिहीन.

कलम १. अळणावरजवळच्या गावातील घरातला माझा हिस्सा व पोस्टातील खाते आई तानूबाई हिला.

कलम २. टपरी, कोळशाची व विजेची इस्त्री, टेबल व त्यावरचे कांबळे बहीण सविता, वय २३, हिला. अट एकच. तिने उभे राहून इस्त्री करू नये.

कारण लिहितो. आमच्या टपरीत स्टूल कधीच नव्हते. इस्त्रीवाला बसलेला दिसला की गिऱ्हाईक त्याला आळशी समजते, असे आमचे वडील, अप्पा म्हणत. सत्तावीस वर्षे ते त्या टेबलाशी उभे होते. एका दुपारी त्यांच्या घोट्याजवळची फुगलेली शीर फुटली. आम्ही त्यांना दोन्ही बाजूंनी उभे धरले, गुडघ्याखाली पंचा आवळला आणि पाय खाली सोडून रिक्षात बसवले. दवाखाना येईपर्यंत रिक्षाचे पायदान रक्ताने भरले होते आणि अप्पा गेले होते. खरे तर आडवे निजवून पाय वर धरायचा आणि फुटल्या जागी दाबून ठेवायचे, एवढेच होते. हे मला सहा वर्षांनी एका कंपाउंडरने सांगितले. पंचा मी आवळला होता.

कलम ३. शिरांसाठी डॉक्टरांनी दिलेले माझे घट्ट मोजे कोणी वापरू नयेत, त्यांचे माप ज्याचे त्याचे असते. सविताने स्वतःचे माप देऊन आणावेत. उगादीला ती परकर खोचून अंगण धूत होती, तेव्हा तिच्या गुडघ्यामागे निळी जाळी दिसली. माझीही तिथूनच सुरू झाली.

कलम ४. बाबूमामाला काही नाही. माझे लग्न ठरत आले असताना त्याने मुलीकडच्यांना सांगितले, "पोरगा चांगला आहे, पण हत्तीपाय आहे." हत्तीपाय डास चावून होतो. माझ्या शिरेतल्या झडपा बिघडल्या आहेत, रक्त वर न जाता खाली साचते. डॉक्टरांनी तसे कागदावर लिहून दिले आहे. त्याची झेरॉक्स मामाला द्यावी. तोच त्याचा वाटा.

कलम ५. दवाखान्यात वेदश्री नावाची शिकाऊ मुलगी एक छापील कागद घेऊन प्रश्न विचारत होती. "गेल्या चार आठवड्यांत पायामुळे कुठे जायचं टाळलंत?" मी म्हटले, कधीच नाही. ते खोटे होते. दोन लग्ने आणि एक बारसे टाळले. पंगतीत मांडी घालता येत नाही, आणि शिरांमुळे पायाला झालेली जखम वाहत असली की वास येतो. शेजारचा माणूस पान घेऊन सरकतो. झोप किती लागते, यालाही मी "चांगली" म्हटले. ही दोन्ही उत्तरे दुरुस्त करावीत.

कलम ६. वरचे सगळे शनिवारी लिहिले. आज सोमवार. काल सतीश सुताराकडून टेबलाचे चारही पाय वीतभर कापून घेतले, म्हणजे बसल्याशिवाय इस्त्री करताच येणार नाही.

सविता संध्याकाळी आली. "अण्णा, टेबलाचंपण ऑपरेशन केलास?"

मी म्हटले, "आता बसून कर."

"बसून साठ कपडे होतात, उभं राहून नव्वद. घरी बसशील महिनाभर, तुला भाकरी कोण घालणार, टेबल?"

"एकदा गुडघ्यामागं बघ, सविता."

"साकु अण्णा, पुरे आता! तुझं दुखणं माझ्या पायाला चिकटवू नकोस. आणि मरायचे कागद लिहितोयस ते कळलंय मला. बाराव्याला कोणती साडी नेसू तेही लिही."

आज सकाळी मी जखमेची पट्टी बदलून अकराला परत आलो. टेबलाच्या प्रत्येक पायाखाली दोन-दोन विटा होत्या. ती उभी राहून शर्टाच्या बाह्यांवर इस्त्री फिरवत होती, मधूनच एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होती. अप्पा असेच करीत. मला बघून हसली.

म्हणून कलम २ मागे घेत आहे. टपरी सविताला देऊ नये. मी गेलो तर गुरुराज सरांनी ती इस्त्रीचा धंदा न करणाऱ्या माणसाला विकावी आणि येणारी रक्कम सविताच्या नावे ठेवावी. ती रक्कम नको म्हणेल, टपरीच मागेल, रडेल. देऊ नये. अण्णाने शेवटी आपल्याला उपटून टाकले असे ती चारचौघांत म्हणेल. म्हणू द्यावे, माझी बाजू कोणी घेऊ नये.

हे तिला वाचून दाखवण्याआधी बसायला खुर्ची द्यावी. ती बसणार नाही. तरी दोनदा सांगावे.

लिहिले ते वाचून पाहिले, बरोबर आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करतो.

ठिकाण: सप्तापूर, धारवाड
तारीख: १४ जुलै २०२५

सही: विशाल तुकाराम परीट

साक्षीदार:
१. गुरुराज व्यंकटेश कट्टी, निवृत्त शिक्षक, सप्तापूर
२. सतीश यल्लाप्पा सुतार, सप्तापूर