न केलेली सही

बाबा, तुम्ही गेलात त्याला आता अकरा वर्षं होतील. इतक्या वर्षांत मला कधी तुम्हाला काही लिहावंसं वाटलं नाही. सगळं बरं चाललं होतं, आणि बरं चाललेलं असताना गेलेल्या माणसाला कशाला उठवायचं. आज लिहिते आहे ते अकोल्यातल्या एका दुपारबद्दल. आई आता दादाकडे अमरावतीला, राजापेठेत असते. काल मी इथे आले, तिला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "तू बराबरच केलं असशीन," आणि मेथी निवडायला लागली. तुम्ही असतात तर आधी चार प्रश्न विचारले असतेत. मला ते चार प्रश्न हवे आहेत.

माझं विमान दुरुस्तीचं लायसन आलं तेव्हा तुम्ही चष्मा लावून ते दोन्ही बाजूंनी पाहिलंत. अठ्ठावीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात, गाड्यांखालच्या खड्ड्यात उभे राहिलेले तुम्ही. पहिला प्रश्न विचारलात, "इमानाले खड्डा असते का? मंग खालून पाह्यता कसं?" मी हसले. आता कंबर धरून उठते तेव्हा वाटतं, प्रश्न अगदी रास्त होता. त्यानंतर सहा महिन्यांत तुम्ही गेलात. पुण्यानुमोदनाला सगळं वर्कशॉप आलं होतं आणि जो तो मला तुमच्या त्या अकोटच्या गाडीची गोष्ट सांगत होता, जणू मी तिथे नव्हतेच.

मी होते. सातवीत असेन, तुमचा डबा घेऊन आले होते. अकोटची गाडी भरलेली, माणसं खिडक्यांतून ओरडतायत, आणि तुम्ही खड्ड्यातून वर येऊन गाडीच्याच पायरीवर बसता. "ब्रेक धरत नाई. गाडी जाईन नाई." एक म्हातारा तुम्हाला वाट्टेल ते बोलतो. तुम्ही घासलेटने हात धुता, डबा उघडता, भाकरी मोडता. मला त्या दिवशी तुमचा इतका अभिमान वाटला होता की रस्ताभर पळत घरी आले. तो घास तुमच्या घशाखाली उतरला का, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही.

तर ती दुपार. मी नागपूरच्या एका लहान कंपनीत आहे, दोन इंजिनांची भाड्याने जाणारी विमानं. कधी पुढारी, कधी पेशंट. जिथे इंजिनिअर नसतो तिथे मी विमानाबरोबरच जाते. त्या दिवशी अकोल्याहून एका बाईंना हैदराबादला न्यायचं होतं. हृदयाजवळची मोठी रक्तवाहिनी चिरली होती, ऑपरेशन हैदराबादला ठरलं होतं. रस्त्याने न्याल तर भरवसा नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. नवरा बार्शीटाकळीकडचा, झेंडू-शेवंतीची शेती करणारा. बाईंना स्ट्रेचरवरून आत घेतलं, कॅप्टनने इंजिनं सुरू केली, आणि डाव्या इंजिनाचा तेलाचा दिवा लागला.

तुम्हाला समजेल असं सांगते. इंजिनाच्या तेलात लोहचुंबकाचं एक बूच असतं. आत कुठे लोखंड झिजलं तर ते त्याला चिकटतं आणि कॉकपिटमध्ये दिवा लागतो. इंजिनं बंद केली, मी बूच काढलं. नुसती काळी भुकटी असती तर पुसून, परत बसवून जाता आलं असतं, पुस्तकात तशी मुभा आहे. पण भुकटीत एक तुकडा होता, उडदाच्या फोलपटाएवढा, चकाकणारा. तुकडा कशाचा आहे हे कळल्याशिवाय विमान उडवायचं नाही, असं पुस्तक सांगतं. आणि ते कळायला तुकडा नागपूरला न्यावा लागणार होता. मी तेलाची गाळणी उघडली, ती साफ होती. देवाशपथ सांगते, तिच्यातही लोखंड निघावं असं मला वाटत होतं, म्हणजे प्रश्न तरी मिटला असता.

साडेचार वाजले होते. अकोल्याच्या धावपट्टीवर दिवे नाहीत, सूर्य बुडायच्या आत निघायचं नाहीतर नाही. कंपनीतून साहेबांचा फोन आला, "पुसा, बसवा, परत लागला तर बघू." कॅप्टन भला माणूस, तो म्हणाला, "तुमची सही असेल तर मी नेतो." म्हणजे फिरून माझ्यापाशीच. बाईंना उतरवून ॲम्ब्युलन्समध्ये ठेवलं होतं. नवरा माझ्याजवळ आला. ओरडला नाही, हात जोडले नाहीत. घरातल्या माणसाशी बोलावं तसं बोलला.

"मॅडम, दोन इंजिनं हायेत ना? एक बंद पडलं तं दुसऱ्यावर नाई जात का?"

"जातं," मी म्हटलं. "पण उडतानाच बंद पडलं तर सांगता येत नाही."

"सांगता येत नाई म्हंजे पडनच असं नाई ना?"

"नाही."

"मंग करा ना सही. तिकडं डॉक्टर वाट पाहून राह्यले."

बाबा, त्याच्या बोलण्यात एकही चूक नव्हती. पण विमानात तो, त्याची बायको, डॉक्टर, दोन पायलट आणि मी, असे सहा जण असणार होतो. मी पेनचं टोपण काढलं होतं. मग परत लावलं आणि त्याला म्हटलं, "मी नाही करू शकत." त्याने मान हलवली, जणू मी नळाला पाणी नाही असं सांगितलं. कंपनीने दुसरं विमान विचारलं, ते रात्रीआधी पोचणार नव्हतं. शेवटी ॲम्ब्युलन्स नागपूरला निघाली. तुमच्या अकोटच्या गाडीतली माणसं दुसऱ्या गाडीने गेली, शिव्या देत का होईना, गेली. माझ्याकडे दुसरी गाडी नव्हती. मूर्तिजापूरच्या पुढे बाई गेल्या.

महिन्याभराने तपासणीचा अहवाल आला. तुकडा इंजिनाचा नव्हताच. आधीच्या कुठल्यातरी दुरुस्तीत तारेचा बारीक टवका आत राहिला होता. बेअरिंग उत्तम, इंजिन ठणठणीत. हैदराबादला जाऊन परत आलं असतं. मी तो कागद इतक्यांदा वाचला की घडीवर फाटलाय. एकदा लहानपणी आईने झोपताना विचारलं होतं, गॅस बंद केला का, आणि मी अंथरुणातूनच हो म्हटलं. तुम्ही हाताला धरून मला शेगडीपाशी नेलंत. बटण बंदच होतं. "बंद होतं थे तुह्या नशिबानं," तुम्ही म्हणालात, "तू पाह्यलं नव्हतं." हा हिशोब मी स्वतःला रोज सांगते. इंजिन चांगलं निघालं ते नंतर, मला त्या दुपारी माहीत नव्हतं. हिशोब बरोबर आहे. पण रात्रभर ती बाई काही त्या हिशोबाने उठून जात नाही, आणि यावर काय करायचं ते तुम्ही कधी शिकवलं नाहीत.

आता खरी गोष्ट. मागच्या आठवड्यात त्या बाईंच्या नवऱ्याचा फोन आला. माझा नंबर कुठून मिळवला कोण जाणे. मागे फुलांच्या लिलावाचा गलका ऐकू येत होता. "मॅडम, एकच इचारतो. त्या इंजिनात निघालं काय? माही पोरगी इचारते, मले सांगता येत नाई." अहवाल समोरच टेबलावर होता. त्या दुपारी मी त्याच्याशी शहरी मराठीत बोलले होते, त्या क्षणी मात्र आपली भाषा तोंडात आली.

"बेरिंग गेलं होतं, भाऊ. इमान उडलं असतं, पन पोचलं नसतं."

मागचा गलका कमी झाला, तो बाजूला गेला असावा. मग म्हणाला, "मंग तुमी बराबर केलं. पोरीले सांगतो तसं." आणि फोन ठेवला.

दादाच्या घराखालचा शिकवणीचा क्लास सुटलाय, पोरं गाड्या काढतायत, आई जेवायला बोलावते आहे. हा कागद घडी करून माझ्या लायसनच्या पाकिटात जाईल, आणखी कुठे जाणार. त्या माणसासाठी खोटं बोलले, असं मी आईला सांगितलं. तुम्हाला तसं सांगत नाही. तो "तुमी बराबर केलं" म्हणाला ना, तेव्हा त्या दुपारनंतर पहिल्यांदा मला बरं वाटलं.