न उघडता वाचलेलं

बाई, गेल्या महिन्यात मी विमानात बसले. मीच ती, पोशीरच्या शाळेतली तुमच्या वर्गातली सगळ्यात चोंबडी पोरगी. एकसष्टाव्या वर्षी पहिला पासपोर्ट काढला, लेकीच्या बाळंतपणासाठी. तुम्हाला देवाघरी जाऊन वीस वर्षं झाली, म्हणून सांगते, हल्ली पासपोर्टात चिप असते. पुठ्ठ्याच्या आत, दिसतसुद्धा नाही. तिच्यात माझं नाव, जन्मतारीख, फोटो, बोटांचे ठसे, आणि मशीन ते रेडिओसारखं बिनतारी वाचतं. हे पुतण्यानं सांगितलं आणि वर म्हणाला, "काकी, जपून हां. कुणी शेजारी उभं राहून वाचलं तर तुला पत्ता पन लागनार नाय." झालं! मला घामच फुटला. असं वाचणं काय असतं ते तुमच्यामाझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

सातवीत आहे मी. टपाल एसटीच्या थांब्याजवळच्या दुकानात उतरतं आणि तुम्ही मला आणायला पाठवता. निळं आंतर्देशीय पत्र, वर तुमच्या आईचं अक्षर. मी ते फोडत नाही, छे! दोन्ही कडा दाबते, पत्राचं नळकांडं होतं, आणि एक डोळा मिटून आत बघते. मुलाकडचा होकार आला आहे. एवढी मोठी बातमी माझ्या पोटात राहते होय! वाटेतल्या विहिरीवर ती सांडूनच मी शाळेत आले. तुम्ही पत्र निवांत वाचायला म्हणून पर्समध्ये ठेवलंत, शाळा सुटल्यावर पाण्याला गेलात, आणि बायांनी तुम्हाला घेरलं. "बाई, पेढं कवा? आमाला सोडून जानार ना तुमी?" पत्र अजून बंद होतं.

तुम्ही मारलं नाहीत. मारलं असतंत तर परवडलं असतं. "फाडून वाचलं असतंस तर मला दिसलं तरी असतं," तुम्ही म्हणालात. "तू न उघडता वाचलंस. माझ्याच घरची गोष्ट मला सगळ्या गावाच्या शेवटी कळली." पुन्हा कुणाचं वाचणार नाही, अशी मी हुंदके देत शपथ घेतली. आणि शिक्षा काय दिलीत? "उद्यापासून टपाल रोज तूच आणायचं." मी घरापर्यंत उड्या मारत गेले होते, बाई!

तर पासपोर्ट. धातूतून वाचता येत नाही म्हणे, म्हणून मी तो पोळ्या गुंडाळायच्या चांदीच्या कागदात दोनदा गुंडाळला. त्यावर रुमाल, रुमाल कापडी पिशवीत, पिशवीचं तोंड दुहेरी दोऱ्यानं शिवलं आणि कमरेला बांधली. बघू आता कोण वाचतो! विमानतळाच्या दारातच जवान म्हणाला, "पासपोर्ट." कात्री बॅगेत, बॅगेला कुलूप, मागे ही रांग. शेवटी दातांनी टाके तोडले. चांदीचा कागद बाहेर आला तसा तो म्हणतो, "आजी, आत पोळीभाजी हाय काय?" अख्खी रांग हसली. मला तर हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी आलं.

आतल्या खिडकीवर एक तरुण अधिकारी मुलगी होती. तिला विचारलंच, "हे लांबून कुणी वाचेल का गं?" ती म्हणाली, "आधी हे छापलेलं पान मशीनला दाखवावं लागतं, आजी. त्याशिवाय चिप काही सांगत नाही." म्हणजे आधी समोर उघडायचं, मगच वाचायचं. बाई, हा तर तुमचाच नियम! "आणि वाचलेलं पुढं कुठं जातं?" यावर ती नुसती हसली आणि शिक्का मारला. ते मला अजून टोचतंय. आपलं नाव कोण कुठं ठेवतंय, ते आपल्याला कळायला नको?

नात झाली, बाई! बारा दिवसांची आहे, नाक आमच्याकडचं, आवाजही आमच्याकडचाच. आज लेक तिच्या पासपोर्टाचा अर्ज भरायला बसली. म्हटलं, "एवढ्याशा पोरीचं काय काय लिहून देतेस, नीट बघ गं." लेक हसून म्हणाली, "आई, तू कधी कुणाचं चोरून वाचलं नाहीस?" "एकदाच," मी म्हणाले.

खोटं. दोनदा. हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही, म्हणून लिहून टाकते. दुसरं पत्र तुम्ही तुमच्या आईला लिहिलेलं, मी पेटीत टाकायला नेत होते. शपथेला महिनाही झाला नव्हता. तुकड्यातुकड्यानं दिसलं. लग्न पुढे ढकला. इथे एक मुलगी आहे, तिचे वडील तिला सातवीनंतर घरी बसवणार म्हणतात. तिचं हायस्कूल नक्की झाल्याशिवाय मी हलणार नाही. आठ दिवसांनी तुम्ही आमच्या ओट्यावर येऊन बसलात. बाप म्हणाला, "पोरीला शिकवून काय करायचं हाय?" तुम्ही दिवस मावळेपर्यंत उठला नाहीत. शेवटी तो म्हणाला, "बरं, जाऊ द्या तिला नेरळच्या हायस्कुलात," आणि तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तेव्हा मी कशी आ वासून बघत राहिले होते! सोंग होतं ते, बाई. आठ दिवस मला माहीत होतं, आणि त्या आठ दिवसांत मी ते एकाही माणसाला सांगितलं नव्हतं.