वाटी बुडेपर्यंत

प्रिय मनकर्णा,

तुझे गुडघे कसे आहेत? एरंडाचं पान गरम करून बांध म्हणाले होते, बांधतेस की नुसतं ऐकून सोडलंस? बजरंगदाजींचा खोकला थांबला का? त्यांना म्हणावं, या थंडीत पहाटे आंघोळीची घाई करू नका, देव काही दार लावून बसत नाही. रामचं दुकान बरं चाललंय ना? उज्ज्वलाचा हात भाजला होता तो भरून आला का? ऋतुजाचं बारावीचं वर्ष, तिला दूध-भाकरी वेळेवर द्या. आणि मामीचं कसं आहे? उठून बसती का? दोन घास जातात का पोटात?

आमच्याकडं सगळं ठीक. प्रियदर्शनीच्या आजोबांना डोळ्यांनी कमी दिसतंय, पण मेंढरं अजून आवाजावरून ओळखतात. भागवतनं यंदा तूर केलीय, शेंगा बऱ्या धरल्यात.

तू म्हणशील, घरात फोन असताना ही म्हातारी कागद कावून काळा करतेय. बाई, गेल्या आठवड्यात तुला तीनदा फोन लावला. तुझा आवाज ऐकला की मी थंडीचं अन् तुरीचं बोलत बसते आणि ठेवून देते. कागद मधेच ‘मग, काय चाललंय?’ असं विचारत नाही, ते बरं आहे. आणि घाई अशी आहे की आपल्या गावात कालव्याचा महोत्सव झाला, त्यातलं एक नाटक लोकांनी मोबाइलवर काढून जिकडं तिकडं पाठवलंय. त्यात तुझे आईबाबा आहेत, सटवामामा आणि मामी. कुणीतरी ते ऋतुजाला धाडील, आणि ती पोरगी मामीच्या उशाशी बसून लावील. मामीला आणि तुला ते तिथून कळू नये. माझ्याकडून कळावं.

आधी महोत्सवाचं सांगते. माझ्या तोंडाची कडू चव अजून गेली नाही. जमीनदार मालकांचा अमरसिंह आता पुढारी झालाय, हे तुला ठाऊक आहे. त्यानं जाहीर केलं की आपला निजामाच्या काळातला कालवा म्हणजे गावाचा वारसा, त्याचा उत्सव करायचा. कालवा जिता होता तेव्हा गाळ काढायला या म्हटलं तर ह्यांच्या घरातून एक घमेलं निघत नव्हतं. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय. मशीन लावून मंडपापुरता दोनशे पावलं कालवा साफ केला आणि निघालेला सगळा गाळ, बाटल्या, चपला, मेलेलं कुत्रं, सगळं खाली लोटलं. खाली म्हणजे कुठं? कालव्याच्या शेपटाला. आमच्या बांधावर. आठ दिवस झाले, वास घरात येतोय.

पाणी तर कालव्यात वीस वर्षांत नाही. मग ह्यांनी तळाला निळा रंग दिला. खरं सांगते, निळा रंग. लांबून फोटोत पाणी वाटावं म्हणून. आमची मेंढरं त्या दिवशी काठानं गेली, एकानंही मान खाली घातली नाही. माणसं मात्र काठावर उभी राहून ‘वा, वा’ म्हणत होती.

भाषणं झाली. अमरसिंह म्हणाला, माझ्या आजोबांनी हातात टिकाव घेऊन हा कालवा खणला. माझ्या शेजारी हनुमान म्हातारा बसला होता, तो हळूच म्हणाला, “घेतला आसंल, माझ्या बापाच्या हातात द्यायला.” मला हसू आलं, पण ते तेवढंच. पुढं त्या दिवशी हसण्यासारखं काही राहिलं नाही.

पुढं वाटी आणली. सटवामामांची वाटी, मनकर्णा. तुला ठाऊक आहे, पण ऋतुजाला सांग. घड्याळं नव्हती तेव्हा पाण्याची पाळी त्या तांब्याच्या वाटीवर मोजायचे. तिच्या बुडाला दाभणाच्या टोकाएवढं भोक. घंगाळात पाणी भरून त्यावर वाटी सोडायची. भोकातून पाणी चढतं, वाटी भरते, बुडते. बुडेपर्यंत पाणी तुझं, बुडली की दुसऱ्याचं. आमच्या तुकड्याला एक वाटी, मालकांच्या रानाला सहा. तुझे बाबा कालव्याच्या दाराशी लिंबाखाली घंगाळापुढं बसायचे आणि कुणाच्या तोंडाकडं न बघता वाटीकडं बघायचे. म्हणून तर सगळं गाव त्यांचा शब्द मानायचं.

त्यांच्याकडून काढून घेतल्यावर ती वाटी मालकांच्या घरातच पडून होती. महोत्सवासाठी अमरसिंहनं ती परळीला पाठवून उजळून आणली. सोन्यासारखी चमकत होती. शहाण्यांनी काय केलं माहीत आहे? वाटी फुटकी आहे समजून भोक बुजवून आणलं. घंगाळात गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या, पाहुण्यांच्या हातून वाटी सोडली, आणि माइकवरचा माणूस म्हणाला, वाटी बुडताच उद्घाटन झालं असं समजू. आता ती बुडतेय कशाला? एक भाषण झालं, स्वागतगीत झालं, पाहुणे घड्याळ बघायला लागले. वाटी आपली पाकळ्यांत फिरतेय. शेवटी अमरसिंह उठला आणि अंगठ्यानं दाबून तिला बुडवली. टाळ्या झाल्या. एवढ्या मोठ्या मंडपात एकाला वाटलं नाही की विचारावं, बुडली कावून नाही. भोक बुजलेली ती वाटी मी याआधी एकदा पाहिली होती.

मग नाटक. त्याच्या आदल्या दिवशी प्रियदर्शनी माझ्याकडं आली होती, आजी तुझं हिरवं लुगडं दे, अन् कुंकवाखाली लावायच्या मेणाची डबी दे. मला वाटलं, पोरगी जुन्या काळची पाणी भरणारी बाई होणार. मीच लुगडं नेसवलं, मीच कपाळाला मेण लावून वर कुंकू रेखलं. आणि माझी नात मंचावर आली ती तुझी आई होऊन. एक पोरगा सटवामामा झाला होता, त्याच्या हातात दारूची बाटली. ज्या माणसानं उभ्या जन्मात चहासुद्धा दुसरा घेतला नाही. आणि प्रियदर्शनी ठुमकत घंगाळाशी गेली, कपाळाचं मेण बोटानं काढलं, वाटीच्या बुडाला थापलं आणि लोकांकडं बघून डोळा मारला. शिट्ट्या पडल्या. बायाबापड्या पदराआड हसल्या. मग पंच आले, नवराबायकोला गावाबाहेर हाकललं, आणि मालक झालेल्या पोरानं हात वर करून सांगितलं की पाण्याची चोरी म्हणजे आईची चोरी. सहा वाट्या पाणी पिणाऱ्यांनी हे सांगायचं.

आणि लगेच माझं नाव पुकारलं. कालव्याची जुनी माणसं म्हणून चौघांचा सत्कार होता, त्यात मी. अमरसिंहनं शाल घातली, एक काचेचं काहीतरी हातात दिलं, माइक तोंडापुढं धरला. आजी, दोन शब्द बोला. मनकर्णा, माझ्या पोटात ते दोन शब्द सत्तेचाळीस वर्षं आहेत. पण माझ्या तोंडून काय निघालं? “सगळं लई चांगलं झालं.” एवढंच. शिवाय खाली उतरून पंगतीला बसले, बुंदी खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्या निळ्या कालव्यात पत्रावळ्यांचा ढीग पडला होता आणि कुत्री लोळत होती, ते बघून मी नाक धरलं. पण त्या पत्रावळ्यांत एक माझीही होती ना.

घरी आल्यावर प्रियदर्शनी लुगडं सोडता सोडता विचारायला लागली, आजी कसं केलं मी, सगळे म्हणतात माझंच काम भारी झालं. मी म्हणाले, ती बाई चोर नव्हती. ती हसली. म्हणाली, “मग कोण हुतं?”

तिला जे सांगितलं तेच तुला सांगते, कमीजास्त करत नाही. ते मेण माझं होतं.

लग्न होऊन वर्ष झालं होतं. अर्धा एकर मिरची लावली होती, आणि पाणी शेपटापर्यंत येईतो निम्मी वाटी भरलेली असायची. मिरची माना टाकत होती. सासू म्हणायची, नवी सून पायगुणाची नाही. त्या दुपारी भाकरी घेऊन लिंबाखालून निघाले तेव्हा आमचीच पाळी होती. सटवामामा दाराची फळी अडकली म्हणून खाली उतरले आणि मला म्हणाले, “छबू, जरा वाटीकडं ध्यान ठिव, माय.” माझ्यावर सोपवून गेले. मी वाटी उचलली, कपाळाचं थोडं मेण नखानं काढून भोकाला लावलं आणि परत सोडली. पुरतं बुजवायचं नव्हतं मला, जरासं बारीक करायचं होतं. दुप्पट वेळ पाणी आलं. मिरची वाचली. वाटीचं मेण काढून घ्यायला मी सांजेला जाणार होते, पण आमच्यानंतर मालकांची पाळी, त्यांच्या माणसानं उशीर झाला म्हणून बोंब मारली, वाटी उलटी केली आणि त्यात कुंकू लागलेलं मेण सापडलं.

पुढचं तुझ्यासमोर झालं. पंच म्हणाले हे बाईमाणसाचं काम, आणि घंगाळाला हात लागतो तो सटवाच्याच घरच्या बाईचा. मामीनं वैजनाथाची शपथ घेतली. तिनं प्रत्येकाच्या तोंडाकडं बघितलं, माझ्याकडंही बघितलं. मी पदराच्या आत कपाळ झाकून उभी होते. मामा म्हणाले, वाटी माझ्या ताब्यात होती, दोष माझा. मला वाटीजवळ बसवून गेले होते हे त्यांनी सांगितलं नाही. मला वाचवायला की त्यांच्या मनातच आलं नाही, याचा विचार मी किती वेळा केला असेल. तू सिरसाळ्याच्या बाजारात भेटलीस त्या वर्षी मला उत्तर मिळालं. तू म्हणालीस, बाबांनी मरेपर्यंत आईवर विश्वास ठेवला नाही, तिच्या हातचा तांब्या घेताना मान वळवायचे, आणि आईनं त्या दिवसापासून कपाळाला मेण लावलं नाही. म्हणजे माझ्यावर त्यांना संशयच आला नव्हता. माझ्यावर भरवसा होता, म्हणून बायकोवर राहिला नाही. तू रडत होतीस आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते. तो हात मला आता माझाच वाटत नाही. अमरसिंहाची मला किळस येते हे खरं. पण त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

प्रियदर्शनीनं सगळं ऐकून घेतलं, लुगड्याची घडी केली. मग म्हणाली, “तिथं माइकवर बोलली न्हाईस कावून?” तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. तिच्या मोबाइलवरचं नाटक तिनं पुसलं. दुसऱ्यांच्या मोबाइलवरचं कसं पुसणार?

आता हे पत्र कशासाठी ते ऐक. तू माझ्यावर थुंकलीस तरी ते माझ्याच वाट्याचं आहे. पण त्याआधी एवढं कर. घरात कुणी नसताना मामीजवळ बस आणि तिला सांग की ते मेण छबूचं होतं. सगळं सांग, मामांनी मला वाटीशी बसवलं होतं ते, आणि बाजारातलंही. मी स्वतः येऊन पाय धरले असते, पण समोर दिसले की ती म्हातारी मला ‘असू दे गं’ म्हणेल, आणि मला ते फुकटात मिळायला नको. येत्या ग्रामसभेत मी गावापुढं उभी राहून सांगणार आहे, भागवतला तसं बोलले आहे. पण मामीच्या आधी गावाला सांगणार नाही. हे लोक कसे आहेत तुला ठाऊक आहे, ‘केवढी खरी बाई’ म्हणून मलाच दुसरी शाल घालतील. तर मामीला सांग, आणि ती काय म्हणाली ते मला शब्दाला शब्द लिहून पाठव. शिव्या दिल्या तर शिव्या लिही. तोंड फिरवून घेतलं तर तसं लिही. काहीच बोलली नाही तर काहीच बोलली नाही, एवढंच लिही. पण लवकर लिही, माय. ग्रामसभा सव्वीस तारखेला आहे, आणि मामीचं वय काही थांबून राहणारं नाही.

तुझीच म्हणायचा हक्क उरला असेल तर, तुझीच
छबू