केकचा मानकरी आणि सांता प्रिस्काचा रस्ता

हुआमान्त्ला, रविवार, २ जून १९९१

आदरणीय कोंपाद्रे क्रिसोफोरो यांस,

एवोदियोचा नमस्कार, आणि अजून घ्यावीशी वाटत असेल तर एक कडकडून मिठी. तुमचा डावा गुडघा कसा आहे? पाऊस तोंडावर आलाय, लोकरीचं फडकं बांधत जा. घरच्या कोमाद्रे, तोमासा, यांचा रक्तदाब कसा आहे हे विचारायला माझी जीभ रेटत नाही (तो माझ्यामुळेच चढला असं कळलं), तरी विचारलं असं समजावं. लाल कोंबडा, दोन्ही गाढवं आणि तुमचे मेहुणे निकानोर, सगळे सुखरूप असोत. माझं इकडे ठीक आहे. म्हणजे जेवण जातं, झोप लागते, पण शेजारीपाजारी रोज विचारतात, "काय एवोदियो, कसा झाला समारंभ?" आणि मला खिडकी लावून घ्यावी लागते.

तुमचा निरोप निकानोरनी पोचवला. भर आठवडी बाजारात, खाटकाच्या दुकानासमोर, वीस माणसं ऐकतील अशा आवाजात. तुम्ही म्हणालात म्हणे, एवोदियो मेला असेल तर त्याच्या नावाने प्रार्थना सांगतो, आणि जिवंत असेल तर त्याला म्हणावं, आजपासून तू माझा कोंपाद्रे नाहीस. कोंपाद्रे, मी जिवंत आहे. अडतीस वर्षांपूर्वी तुमच्या लेकीला, ओफेलियाला, बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून मी हातात धरलं (आणि तिने माझ्या एकुलत्या एका कोटावर जे करायचं ते केलं). गोट्या खेळायच्या वयापासूनचं आपलं अरेतुरे त्या दिवशी सुटलं, आपण 'अहो कोंपाद्रे' झालो. आता या वयात मला परत नुसता एवोदियो करू नका. मला ते सोसायचं नाही, हे सरळच लिहितो. म्हणून त्या शनिवारी काय झालं ते काही न लपवता सांगतो.

ओफेलियाच्या येसेनियाला पंधरा वर्षं पूर्ण झाली, पंधराव्याचा समारंभ ठरला, तुम्ही पत्रिका छापली. ज्याने जे आणायचं त्याचा मान त्याला: मुकुटाचा मानकरी अमुक काका, बुटांची मानकरी तमुक मावशी, आणि केकचा मानकरी, एवोदियो, निवृत्त पोस्टमन. ती पत्रिका मी आरशाच्या चौकटीत खोचली होती आणि दाढी करताना रोज वाचायचो. केक सोलेदादबाईंकडे सांगितला, तीन दुधांत भिजवलेला, तीन मजली, गुलाबी, वरती साखरेची मुलगी आणि तिच्या पायाशी लाल अक्षरात 'येसेनिया'. सोलेदादबाई म्हणाल्या की तीन दुधांचा केक प्रवासाला चांगला नाही, पाझरतो. मी म्हणालो, बाई, तीस वर्षं मी या गावाची पत्रं पोचवली, एक ओली झाली नाही. (दोन झाली होती, पण तो पूर होता.)

सकाळी सहाच्या बसमध्ये चढलो तर बसायला जागा नाही आणि हातात तीन खोकी. कोंपाद्रे, आपल्या माणसांचं कौतुक करावं तेवढं थोडं! एका बाईने आपल्या दोन टर्की मांडीवर घेतल्या आणि त्यांची जागा केकला दिली. ड्रायव्हरने आरशातून बघून विचारलं, लग्न का? मी म्हटलं, पंधरावं. त्याने लगेच रेडिओ बारीक केला आणि प्रत्येक खड्ड्याच्या आधी ओरडू लागला, "केक सांभाळा!" मग सगळी बस हात पुढे करायची, टर्कीसुद्धा माना पुढे काढायच्या. मागच्या सीटवरचे एक आजोबा मधल्या मजल्याच्या खोक्यावर हात ठेवूनच झोपले. असा सुखाचा प्रवास मी जन्मात केला नव्हता. हे लिहायची ही वेळ नाही, मला कळतं, पण खोटं कशाला लिहू?

तिठ्यावर उतरलो तेव्हा नऊ वाजले होते. बाराची प्रार्थना, म्हणजे तीन तास हातात. तुम्ही सांगितलं होतं की सांता प्रिस्काचा रस्ता तिठ्यावर कुणालाही विचारा. तिथेच घोटाळा झाला. (तुमच्या गावात एकच टेलिफोन, तो दुकानात, आणि दुकानदार तुमच्याच मांडवात. आणि तिकडे राहायला गेल्यापासून सहा वर्षं दर नाताळाला तुम्हीच इकडे येता, मी तिकडे कधी आलोच नव्हतो, यात थोडी चूक तुमचीही आहे, पण ती मी काढत नाही.) पहिला भेटला गाढववाला. त्याने क्षणभरही विचार केला नाही. सरळ जा, मोठं घायपात लागेल, तिथून वर, हे काय, आलंच! गेलो. घायपातं दोन हजार होती, सगळी मोठी. मग हौदावर धुणं धुणारी बाई भेटली. ती म्हणाली, छे छे, गाढववाल्याचं काय ऐकता, मागे फिरा, निळं देऊळ लागलं की डावीकडे. निळं देऊळ पुढे प्रत्येकानेच सांगितलं. मग शेताच्या बांधावर दोघे भाऊ होते. एक म्हणाला उजवीकडे, दुसरा म्हणाला डावीकडे, जुंपली. माझ्यासारख्या वडीलधाऱ्या माणसासमोर भांडणं बरं दिसत नाही म्हणून त्यांनी समेट केला आणि मला मधोमध पाठवलं. तिथे रस्ता नव्हता, निवडुंगाचं शेत होतं.

रागावू कुणावर? आपल्यात रस्ता विचारणाऱ्याला 'माहीत नाही' म्हणून हात हलवत परत पाठवतात का? दारात आलेल्याला पाणी न विचारण्यासारखंच ते. मी पोस्टमन होतो, तीस वर्षांत मी कुणालाही तसा पाठवला नाही. आणि प्रत्येकाने नुसता रस्ता दिला नाही. एकाने घायपाताच्या ताडीचा, पुल्केचा, पेला दिला, एकाने कांद्याच्या ट्रकमध्ये बसवून अर्धा डोंगर चढवला, आणि एका म्हातारीने तर चुलीपुढे बसवून गरम भाकऱ्या आणि मिरचीचा ठेचा वाढला. मी म्हणालो, आजी, उशीर होतोय. म्हणाली, "गप बस. उपाशी माणसाला रस्ता दिसत नाही." तिचंही खरंच होतं. खालच्या खोक्यातून तोवर एक दूध गळायला लागलं होतं, उरली दोन.

आणि अहो, निळं देऊळ लागलं! घंटा, फटाके, फुलांची कमान, आणि पायऱ्यांवरून गुलाबी झग्यात उतरणारी पोरगी. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. येसेनियाला मी शेवटचं पाहिलं ते ती नऊ वर्षांची असताना, या वयात पोरी भराभर बदलतात. मी ओरडलो, केक आला! सगळं गाव माझ्या अंगावर आलं. "आलात का एकदाचे! कुठे होतात?" मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. बायकांनी केक मांडला, त्यावरचं नाव वाचलं, एकमेकींकडे पाहिलं आणि अगदी सहज एक मोठं फूल त्या नावावर ठेवलं. मला वाटलं, सजावट. तिथे बँडही होता, पांढरे कोट, जांभळे टाय (त्याच्याबद्दल शेवटी). मी मुलीबरोबर नाचलो. मग भाषण केलं. म्हणालो, या पोरीचे आजोबा क्रिसोफोरो यांच्यासारखा माणूस या पृथ्वीवर नाही. तो माझ्याशी गोट्यांत लबाडी करायचा, पण माझी आई गेली तेव्हा तीन दिवस माझ्या ओट्यावरून हलला नाही. लोक ढसाढसा रडले. टाळ्या वाजवल्या. क्रिसोफोरो कोण, असं एकानेही विचारलं नाही. पाहुण्याला असं विचारायचं कसं?

पण तुम्ही दिसेनात. एकाला विचारलं, क्रिसोफोरो कुठे आहेत? तो म्हणाला, आत्ता इथेच होते, बर्फ आणायला गेले असतील. दुसरा म्हणाला, मागे टर्की बघतायत. तिसऱ्याने तर तुम्ही जेवून जरा आडवे झालात, गुडघा दुखतोय, असं सांगितलं. गुडघा! माझी शंकाच फिटली. मी टर्कीच्या झणझणीत रश्शाचं, मोलेचं, तिसरं ताट घेऊन तुमची वाट पाहत पाच वाजेपर्यंत बसलो. शेवटी ती मुलगीच शेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, "आजोबा, रागावू नका हं. माझं नाव रोसाल्बा. हे गाव लोस तेहोकोतेस. आमचा केक आलाच नव्हता, तुम्ही आलात, आणि मग तुम्हाला सांगायला कुणाला धीरच होईना." आणि म्हणाली, भाषण फार छान होतं, असा आजोबा मला असता तर! कोंपाद्रे, मी ताट खाली ठेवलं आणि लहान पोरासारखा रडलो. तोवर केकची साखरेची मुलगी तेवढी उरली होती. ती त्यांनी कागदात गुंडाळून मला दिली आणि मला बसमध्ये बसवून दिलं. कुठल्या बसमध्ये, ते जाऊ दे. सोमवारी घरी पोचलो.

मग तीन आठवडे लिहायला हात उचलला नाही. तुमची नात त्या दिवशी केकशिवाय उभी होती, सगळ्या गावाने तिचं रिकामं टेबल पाहिलं, आणि पत्रिकेवर माझं नाव होतं, हे मनातून जात नाही. मला झालेली मजा आठवते आणि त्याच वेळी लाजही वाटते, दोन्ही खरं आहे. माझी चूक पोटात घाला. येसेनियाला एकदा माझ्या नावाने केक कापू द्या, आणि निकानोरकडून बाजारात जे म्हणवलंत ते बाजारातच मागे घ्या. खाटकासमोर नाही घेतलं तरी चालेल.

तुमचाच (तुम्ही म्हणालात तर) कोंपाद्रे,
एवोदियो

ता. क. ठरवूनही समारंभाला आला नाही म्हणून बँडवाल्या फिलेमोनला तुम्ही दगाबाज म्हणालात आणि त्याच्याशी बोलणं सोडलंत असं निकानोर सांगत होते. बिचारा साधा माणूस आहे, त्याला माफ करा. तिठ्याच्या पुढे त्यांची गाडी माझ्याजवळ थांबली होती. त्यांनी मला सांता प्रिस्काचा रस्ता विचारला.

ता. क. दोन. मी सांगितला. घायपात, मग निळं देऊळ, मग डावीकडे. ते मला गाडीत घेत होते, पण केक आणि ढोल दोन्ही मावेनात. नंतर लोस तेहोकोतेसला पोचलो तर ते आधीच वाजवत होते, आणि त्यांना बघूनच माझी खात्री पटली की आपण बरोबर ठिकाणी आलो. हे निकानोरना सांगू नका.

ता. क. तीन. वरातीमागून घोडं म्हणा हवं तर, पण सोलेदादबाईंकडून दुसरा केक करून घेतलाय, या वेळी सुका. टपालाने हे पत्र आठवडाभर फिरेल (मी तीस वर्षं आत होतो, मला विचारा). म्हणून पत्र आणि केक दोन्ही एका विटांच्या ट्रकवाल्याबरोबर आजच पाठवतोय. फार सज्जन आहे. सांता प्रिस्का त्याने पाहिलेलं नाही, पण निघताना त्याने मला रस्ता विचारला, आणि मी त्याला अगदी नीट समजावून सांगितलाय.