काच आपोआप वर गेली

आण्णा, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाय. पोरगी कुशीत झोपली हाय, तिच्या मनगटावर निळा वळ उठलाय, आणि मी सारखी तोच बघतेय. काल बाजारात हे मेथी घ्यायला गाडीतून उतरले. गाणी चालू राहावी म्हणून चावी तशीच ठेवली. पोरगी माझ्या मांडीवर, तिचा हात खिडकीबाहेर, आणि काच आपोआप वर सरकायला लागली. कोणी बटण दाबलं नाय. मी माझ्या बाजूचं बटण खाली दाबतेय, काच ऐकत नाय, पोरगी किंचाळतेय. मग तुमचं आठवलं, काय बी होवो, आधी चावी. चावी बंद केली तशी काच थांबली, हात हळूहळू सोडवला. डॉक्टर म्हणाले हाड शाबूत हाय. हे म्हणतात, पोरीनंच बटण दाबलं असंल. आणि आज त्याच गाडीतून तिला घेऊन कळवणला नणंदेकडं जायचं म्हणतात.

मुंबई नाक्याजवळचं आपलं पत्र्याचं, बॅटरी-वायरिंगचं दुकान आठवतंय. माझी शाळा सुटली ती सुटलीच, मग मी तुमच्यासोबत. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसते, तुम्ही गुडघ्यावर बसून दाराला कान लावता. "दाब. सोड. परत दाब. नीट दाब गं, जेवली नाय का?" दसऱ्यानंतर तो फुलवाला आला होता नवीन गाडी घेऊन. काच भुतासारखी वर-खाली. त्याच्या बायकोनं लिंबू-मिरची बांधलेली. "मोटर गेली आण्णा, बदलून टाका." तुम्ही पेचकस उचललात. ड्रायव्हरच्या दारातला बटणांचा डबा उचकटला, मागचा तारांचा सॉकेट काढला, मला म्हणालात, चावी चालू कर. काच गप्प. "बघ पोरी, सॉकेट काढल्यावर गप्प झाली. म्हणजे मोटर चांगली, तार चांगली. खोड बटणात." मग डबा उघडून आत बोट घातलं, ते चिकटलं. बोट माझ्या नाकाला लावलंत. खोबरं! "अहो, पूजेचा नारळ टायरपुढं फोडतात. तुम्ही दारालाच पाजला का?" सगळ्यांत जास्त तो फुलवालाच हसला. मला म्हणालात, साधं पाणी वाळून जातं, गोड पाणी चिकटून बसतं, त्यातून करंट भलतीकडं जातो. माझ्या लग्नात तुमचा टेस्ट लॅम्प दिलात, दोन तारा आणि एक बल्ब. "सासरी कोणी ऐकलं नाय तर दिवा लावून दाखव."

यंदा दसऱ्याला आमच्या बी गाडीची पूजा झाली. सासूबाईंनी नारळाचं पाणी स्टेअरिंगवर शिंपडलं, ओघळ दारावर गेला. मी बघत होते, पण पूजेत कोण बोलणार. काल ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "तुला काय कळतं त्यातलं?"

"बॅटरीवाल्याची पोरगी हाय मी."

"मग दाखव करून," आणि झोपले घोरत.

उजाडताना मी खाली गेले. डबा उचकटला, सॉकेट काढला, चावी चालू केली. काच गप्प बसली, आण्णा. डबा घरात आणून उघडला तर आंबूस खोबऱ्याचा वास. लय रडले, आणि हसू बी आलं. तुम्ही असता तर म्हणाला असता, आता पुसून टाक.

पुसायला गेले तर बटणाखालची एक बारीक स्प्रिंग उडाली. खाटेखाली शोधली, पिठाच्या डब्यामागं शोधली, नाय सापडली. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. तुमच्यापर्यंत हा कागद काय पोचायचा नाय. बटणाच्या जागी दाराला भोक पडलंय, तिथंच घडी करून ठेवते, गाडीत बसताना दिसंल असा. माझ्याजवळ फोन नाय. ज्याच्या हाताला लागंल त्यानं आधी माझ्या भावाला फोन लावावा, मालेगावला, तो बी हेच काम करतो. नंबर कॅलेंडरच्या मागं लिहिलाय. त्याला म्हणा, बहिणीनं खोड शोधली, स्प्रिंग तेवढी तू घेऊन ये. आणि तो येईपर्यंत माझ्या पोरीला ह्या गाडीत बसवू नका.