निःपक्षपाती सासूबाई

सोमवार, ४ नोव्हेंबर
वळले! कोंबडीच्या गर्भातल्या मज्जारज्जूचा इवलासा तुकडा ताटलीत ठेवला, शेजारी माझ्या प्रथिनात भिजवलेला मणी. चेतातंतू वाढत वाढत थेट मण्याकडे! गर्भात असंच चालतं — एक प्रथिन म्हणतं 'इकडे ये', दुसरं म्हणतं 'लांब राहा', आणि तंतू मुकाट्याने आपल्या जागी पोचतो. एवढं ऐकणारं आमच्या घरात कोणी नाही.

मंगळवार, ५ नोव्हेंबर
प्रयोगशाळेत माझ्या मार्गदर्शक सरांनी उत्साहावर पाणी ओतलं. "तुला हवंय म्हणून तुला वळलेले दिसतात. काही ताटल्यांत प्रथिन न लावलेले कोरे मणी घालतो, कुठल्या ते तुलाही सांगणार नाही. फोटो तिऱ्हाइताकडून तपासून आण. शुक्रवारी जमलं नाही, तर हा विषय दुसऱ्याला."
तीन वर्षं घासलीत मी यावर!
पण तिऱ्हाईत आणू कुठून? नवरा? मी चिडेन म्हणून तो भाजी खारट झाली तरी वाटी चाटूनपुसून खातो.

बुधवार, ६ नोव्हेंबर
सापडल्या! सासूबाई!! लग्न झाल्यापासून एकदाही माझ्या बाजूने बोललेल्या नाहीत. पडदे, चहा, माझं हसणं — सगळ्याला नाक मुरडतात. याहून कडक परीक्षक कुठे मिळणार?

गुरुवार, ७ नोव्हेंबर
चष्मा पुसून बसल्या. मी फक्त विचारायचं, तंतू मण्याकडे वळलाय की नाही.
"हा गुणी आहे. वळलाय."
पुढचा फोटो. बराच वेळ बघितला. मग माझ्याकडे बघितलं.
"हा जरा आडमुठा दिसतो. पण वळेल हो."
"आई, वळेल नाही. वळलाय का?"
"मग वळलाय लिही."
किती मन लावून बघत होत्या! मला उगीचच भरून आलं.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर
सगळे वळले. कोऱ्या मण्यांकडेसुद्धा! सर म्हणाले, "म्हणजे तुझं प्रथिन काही करतच नाही." विषय सोमवारी दुसऱ्याकडे जाणार. बसमध्ये रडले. शेजारच्या बाईने न विचारता रुमाल दिला.

शनिवार, ९ नोव्हेंबर
सासूबाईंनी विचारलं, तोंड का उतरलंय. सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला.
"अगं, वळलाय म्हटलं की तुझा चेहरा असा खुलायचा… 'नाही' म्हणवेना मला."
आता सरांना काय सांगू? परीक्षक माझ्या बाजूची निघाली?